रेपो उतरला, तुमच्या गृहकर्जाचा दर उतरला का?

फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचं कर्ज देते तो) ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. हा सव्वा टक्का आपल्या कर्जापर्यंत पोचला का, हे बघायला दोन कागद पुरतात: मंजुरीपत्र आणि कर्जखात्याचा ताजा उतारा.

मंजुरीपत्रात दर कशाला जोडलाय ते आधी शोधा. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून घेतलेलं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं, गृहकर्ज बहुधा रेपोलाच जोडलेलं असतं, वर बँकेचा स्प्रेड, म्हणजे तिने वाढवलेला जादा दर. स्प्रेड २.६५ असेल तर ५.२५ अधिक २.६५, म्हणजे ७.९० टक्के. उताऱ्यावर ८.१५ दिसला तर लगेच भांडायला जाऊ नका, रीसेटची, म्हणजे बँक दर बदलते ती, तारीख बघा. तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलायचा असा नियम आहे, त्यामुळे तेवढा उशीर नियमात बसतो. त्यापुढचा बसत नाही.

ऑक्टोबर २०१९ आधीचं कर्ज एमसीएलआर किंवा बेस रेटवर (बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या जुन्या पद्धतीच्या दरांवर) असेल तर कपात रांगत येते. शाखेत अर्ज देऊन रेपोवर बदलून घ्या; शुल्क किती, ते आधी विचारा. गृहवित्त कंपन्या स्वतःच्या पीएलआरवर, म्हणजे स्वतःच ठरवलेल्या मूळ दरावर, चालतात. आणि कोल्हापुरात अनेक घरांत अर्बन बँकेचं नाहीतर पतसंस्थेचं कर्ज असतं; तिथे रेपोचा नियम लागू नाही, दर संचालक मंडळ ठरवतं. अशा ठिकाणी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी आश्वासन धरून बसलात तर वर्ष जातं.

खरा पैसा पुढच्या निवडीत आहे. समजा ३० लाख बाकी, २० वर्षं शिल्लक, दर ९ वरून ८ टक्के झाला. हप्ता सुमारे २६,९९० वरून २५,०९० वर येतो, महिन्याला १,९०० हातात राहतात. हप्ता जुनाच ठेवला तर कर्ज २०४ महिन्यांत, म्हणजे ३ वर्षं आधी फिटतं आणि हप्ता कमी करण्याच्या तुलनेत एकूण भरणा सुमारे ५.३५ लाखांनी कमी होतो. घरखर्च ओढाताणीचा नसेल तर हप्ता कमी करून घेऊ नका. २०२२-२३ मध्ये दर अडीच टक्क्यांनी चढले तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र लांबली. म्हणून उताऱ्यावरचे शिल्लक हप्तेही मोजा.

आता स्प्रेड. त्याच बँकेचा नव्या ग्राहकासाठीचा दर विचारा. तुमच्यापेक्षा कमी असेल आणि सिबिल स्कोअर ७५० च्या वर असेल तर स्प्रेड कमी करण्याचा अर्ज द्या. दुसऱ्या बँकेचं लेखी ऑफरपत्र सोबत जोडलं की शाखेतलं बोलणं बदलतं.

एवढं करूनही दुसऱ्या बँकेच्या दराशी अर्ध्या टक्क्याचा फरक राहिला तरच कर्ज हलवायचा विचार करा. व्यक्तीच्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, पण प्रोसेसिंग फी, सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, गहाणखताचं मुद्रांक शुल्क हे सगळं नव्याने लागतं. या खर्चाला महिन्याच्या बचतीने भागा. उत्तर २४ महिन्यांच्या वर गेलं तर सोडून द्या. शेवटची चार-पाच वर्षं उरली असतील तर हिशोबच करू नका, व्याज बहुतेक भरून झालेलं असतं.

कोल्हापुरात अडतं ते जागेच्या कागदांवर. प्लॉट गुंठेवारीचा असून नियमितीकरण झालं नसेल, किंवा घर पंचगंगेच्या पूररेषेत येत असेल, तर नवी बँक फाईल परत करू शकते. प्रोसेसिंग फी भरण्याआधीच प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, बिनशेती आदेश आणि बांधकाम परवाना नव्या बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाला दाखवा.

कर्ज हललं की जुन्या बँकेचा ऑटो-डेबिट बंद झाल्याची खात्री करा. सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर तिचा बोजा चढलेला असेल तर तो कमी करण्यासाठी ना-हरकत दाखला त्याच आठवड्यात मागून घ्या.