तुरीत गेलेली चकती कशी आणावी

आमच्या गावात डिस्क गोल्फला कोणी डिस्क गोल्फ म्हणत नाही, चकती म्हणतात. मी "चकतीवर चाललो" म्हटलं की बायको समजते, आता चहा दोन तासांनीच ठेवायचा.

मी एकतीस वर्षं वायरमन होतो. रिटायर झालो त्या दिवाळीत अमेरिकेतल्या भाच्यानं या खेळात फेकायच्या प्लॅस्टिकच्या पाच चकत्या आणल्या आणि मला वेड लावून परत गेला. पांढरकवड्याच्या पुढे, टिपेश्वरच्या जंगलाच्या अंगाला माझं पाच एकर वावर आहे आणि त्याला लागून ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईची पडीत. ग्रामपंचायतीला विचारून तिथं सहा टोपल्या उभ्या केल्या. सायकलची जुनी रिंग, तिला लटकवलेल्या गुरांच्या साखळ्या, खाली टिनाचं घमेलं, मधून लोखंडी पाइप. ठरल्या जागेवरून चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत ती साखळ्यांवर आदळून घमेल्यात पडली पाहिजे. झाला खेळ. याचं पहिलं मैदान १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात आखलं गेलं. आखणारे एड हेड्रिक २००२ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख मिसळून चकत्या बनवल्या. माझी राख पैनगंगेतच जाईल, पण लवकर जाऊ नये म्हणून काही गोष्टी पाळतो. त्या इथं सांगतो.

भाचा दर फोनवर विचारतो, "मामाजी, कोणाले काही झालं तर नाही ना?" मोठं काही झालं नाही. बारीकसारीक जे झालं, ते मात्र सगळं चकती शोधताना झालं. फेकणारा ताठ उभा असतो, चारीकडे पाहत असतो. शोधणारा वाकलेला, डोळे जमिनीत, कानावर लक्ष नाही आणि पायाच्या आधी हात पुढे. रानात असा माणूस कोणत्याही जनावराला माणूस वाटत नाही.

म्हणून पहिला नियम वेळेचा. अधिकृत नियमात हरवलेली चकती शोधायला तीन मिनिटं मिळतात. नाही सापडली तर एक फेक दंड आणि मागच्या जागेवरून पुन्हा. आम्ही तीन मिनिटं मोबाइलवर लावतो आणि घंटी वाजली की निघतो. चकती हजार-बाराशेची असली तरी निघतो. दुसरा नियमही आमच्या फार कामाचा आहे: चकतीजवळ घातक किडा किंवा जनावर असेल तर टोपलीकडे न सरकता, त्याच रेषेत मागे येऊन फेकता येतं, त्याला दंड नाही. हा नियम अमेरिकेत बसून कोणी लिहिला असेल, पण वाटतं असं की त्यानं आमची पडीत पाहिली होती.

सामान थोडंच लागतं. घोट्याच्या वर येणारा बूट, जाड फुलपँट, पाण्याची कॅन आणि पाच फुटांचा बांबू. बांबूच्या टोकाला मी जाड तारेची आकडी वाकवून बसवली आहे. चकती हातानं उचलायची नाही, आधी आकडीनं पलटवायची. चकती पडते तेव्हा बहुतेक वेळा उपडी पडते आणि कडेखाली बोटभर पोकळी राहते. एकदा संध्याकाळी बोरीखाली राहिलेली चकती सकाळी पलटवली, तर आतल्या कडेला लाल विंचू चिकटून बसला होता, नांगी पाठीवर दुमडलेली. हात घातला असता तर नेमकी चार बोटं तिथंच गेली असती. लाल विंचवाची वेदना सगळ्यांना माहीत आहे, पण खरा धोका हृदयाला असतो, विशेषतः लहान पोरांच्या. घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर थांबायचं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरून कित्येक जीव वाचवले. ते दवाखान्यातच मिळणार, मांत्रिकाकडे नाही.

चकतीचा रंग हाही सुरक्षेचाच भाग आहे, कारण लवकर दिसली तर वाकावं कमी लागतं. हिरवी कपाशीत जाते. पिवळी दिवाळीनंतरच्या वाळल्या गवतात जाते. केशरी वर्षभर छान दिसते, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की त्याच्या खालच्या सड्यात अशी मिसळते की डोळ्यासमोर असून सापडत नाही. गुलाबी घ्या. पोरं हसतील, हसू द्या.

साप. आमच्या पडीतीवर मला सगळ्यात जास्त धाक घोणसीचा. नाग आहट लागली की सरकतो. घोणस सरकत नाही, गवतात चुंबळीसारखी पडून राहते आणि पाठीवरच्या साखळीसारख्या ठिपक्यांमुळे पाचोळाच वाटते. पाय जवळ आला की फुसफुसते, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ निघते ना, तसा आवाज. मागच्या नोव्हेंबरात चौथ्या टोपलीजवळ मी तो ऐकला. पाय उचललेला होता, तो तसाच मागे ठेवला. चकती तिच्यापासून हातभर लांब होती. सालदार म्हणाला, "मालक, काठीनं वढू काय?" मी म्हटलं, "नोको. राहू दे तिची तिले." दुसऱ्या दिवशी अकराला जाऊन आणली. गवतात शिरताना बांबू पुढे आपटत चला. सापाला आवाजापेक्षा जमिनीचा हादरा आधी कळतो. उन्हाळ्यात काळ्या मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि उभी पडलेली चकती त्यात अर्धी रुतते. तिथं तर हात अजिबात नाही.

चावलाच, तर पळू नका. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा, अंगठी-कडं-जोडवं काढा, १०८ ला फोन करा, नाहीतर मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून न्या. दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, म्हणून साप मारून सोबत न्यायची गरज नाही. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात ती आहे, हे मात्र खेळायला जायच्या आधी विचारून ठेवा.

आता माझ्या धंद्यातलं. डुक्कर आणि रोही (नीलगाय) पिकात शिरतात, म्हणून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, तार असते. तार दोन प्रकारची. एक झटका मशीनची: सौर पाटी, बॅटरी, आणि जवळ गेलं की सेकंदा-सेकंदाला टिक् टिक् ऐकू येतं. तिला हात लागला तर माणूस शिव्या देत मागे उडतो, पण बहुधा मरत नाही. दुसरी चोरीची: लाइनवर आकडा टाकून सरळ २३० व्होल्ट सोडलेली साधी बाइंडिंग तार, गुडघ्याएवढ्या खुंट्यांवर. ती टिक् करत नाही. ती काहीच करत नाही. हे बेकायदेशीर आहे, आणि तिनं डुकरापेक्षा माणसं मारली असं मला वाटतं. पंचनाम्याला मी स्वतः तीनदा उभा राहिलो आहे. एकदा तर तार लावणाऱ्याचाच पोरगा होता. रात्री सोडलेली तार सकाळी काढायची विसरली की दिवसाही तिच्यात करंट असतो. त्यामुळे दुसऱ्याच्या वावरात चकती गेली तर धुऱ्यावरून आत पाय टाकायच्या आधी मालकाला हाक मारा किंवा फोन लावा. आवाज येत नाही म्हणून तार मेलेली आहे, असं कधीच समजू नका. कोणी चिकटलंच तर त्याला धरू नका. आधी सप्लाय बंद, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं तार दूर करा. हे फक्त घरगुती करंटचं सांगतो. खांबावरची मोठी लाइन तुटून पडली असेल तर दहा-बारा मीटर लांबूनच ऑफिसला फोन, बाकी काही नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर वीज. उघड्या पडीतीवर सहा लोखंडी पाइप आम्हीच रोवले आहेत, म्हणजे आमंत्रण आम्हीच दिलं. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बंदच. झाडाखाली आडोसा घ्यायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी अ‍ॅप मोबाइलमध्ये ठेवा, आजूबाजूला वीज पडत असेल तर ते सांगतं. ढग अजून लांब आहेत, एवढी टोपली उरकून घेऊ, हे वाक्य मी चाळीस वर्षं लाइनवर ऐकत आलो... एकतीस वर्षं. वयानं हिशेब चुकतो.

आग्या मोहोळ पाहिल्याशिवाय मैदान आखू नका. आमच्याकडे तिसऱ्या टोपलीच्या वाटेत सावरीचं उंच झाड आहे, दरवर्षी त्याला तीन-चार पोळी लागतात. ती लागली की आम्ही टोपलीच उपटून दुसरीकडे नेतो. चकती पोळ्याला लागली तर हात न हलवता, तोंड दुपट्ट्यात झाकून सरळ पळायचं, घर किंवा गाडी गाठायची. पाण्यात उडी मारू नये, माशा वर थांबतात. काटा नखानं लगेच खरवडून काढा, कारण त्याच्या वासानं दुसऱ्या येतात.

वाघाचं सगळे आधी विचारतात, मी शेवटी सांगतो. इथल्या एका तरुण वाघानं २०१९ मध्ये बुलडाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत तेराशे किलोमीटरहून जास्त चाल केली. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून समजलं. त्याला आमच्या सहा टोपल्या म्हणजे रस्त्यातला खड्डा. पण वाघ बसलेल्या, वाकलेल्या माणसावर जास्त झेपावतो हे मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचणाऱ्या बायांना विचारा. आम्ही आठच्या आधी आणि साडेचारनंतर खेळत नाही, एकटं कोणी खेळत नाही, आणि एक वाकला की दुसरा उभा. पांदणीच्या फुफाट्यात ताजे पाय दिसले किंवा वानरं खाकरायला लागली की परत. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली अस्वल असू शकतं. मोहाखालची चकती सोडून द्या. बिबट दिसला तर पळू नका, पोरांना उचलून घ्या, आवाज करत मागे मागे या.

फवारणी झालेल्या कपाशीत चकती गेली तर दोन दिवस जाऊ नका. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं शेतकरी आणि मजूर गेले, ते आम्ही जवळून पाहिलं. आणलेली चकती साबणानं धुवा. पोरं ती तोंडात धरतात. कठडा नसलेल्या विहिरीत गेली तर ती विहिरीची झाली, बहुतेक चकत्या बुडतातच. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर खेळूच नका. खाजकुहिलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात. अंगाला लागल्या तर चोळू नका, चिकटपट्टीनं कूस ओढून काढा.

आणि तूर. ऑक्टोबरनंतर ती डोक्याएवढी होते, आत डुकरीण पिलं घेऊन बसली असली तरी धुऱ्यावरून दिसत नाही. भाच्यानं दिलेली पहिली गुलाबी चकती माझ्याच वावरातल्या तुरीत गेली. तीन मिनिटं धुऱ्यावरूनच पाहिलं, बांबू आपटला, आतून घुरकण्याचा आवाज आला, घरी आलो. जानेवारीत तूर सोंगताना सालदाराला ती सापडली. त्याच्या माठावर ती बरोबर बसते, म्हणून झाकण झाली आहे. मी परत मागितली नाही.