पिंपाच्या भट्टीसाठी सिरॅमिक ब्लँकेट घेण्याआधी

मातीची भांडी भाजायला दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपाची गॅसभट्टी बांधायची ठरली, की तिला आतून सिरॅमिक ब्लँकेटचं, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या तंतूंच्या जाड चादरीचं, अस्तर लागतं. दुकानात जाण्याआधी कागदावर तापमान लिहा. राकू (भांडं लालबुंद असतानाच भट्टीतून काढायची पद्धत) आणि बिस्क (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी) १००० अंश सेल्सिअसच्या आसपास उरकतात, स्टोनवेअरला, म्हणजे जास्त आचेवर घट्ट भाजल्या जाणाऱ्या भांड्यांना, १२४० ते १२८० लागतात. ब्लँकेटच्या रोलवर छापलेला १२६० हा आकडा रोज गाठण्यासाठी नसतो. तिथवर नेलं तर ब्लँकेट आकसतं, सांधे उघडतात आणि आच थेट पत्र्यावर येते. राकूला तो रोल पुरतो. स्टोनवेअर मनात असेल तर निदान आतला थर झिर्कोनिया मिसळलेल्या १४२५ वाल्या ब्लँकेटचा घ्या. महाग पडतो, तरी इथे हात आखडू नका.

घनता १२८ किलो प्रति घनमीटर मागा. ९६ चंही चालतं, पण लवकर झिजतं. जाडी २५ मिलिमीटर, थर दोन. पन्नासचा एकच थर नको, कारण दोन थरांत एकाचा सांधा दुसऱ्याने झाकता येतो.

रोल बहुधा ६१ सेंटिमीटर रुंद आणि सव्वासात मीटर लांब असतो. पिंप कापून उंची ६१ वर आणलीत तर आडवा सांधाच राहत नाही. आतला व्यास ५७ सेंटिमीटर धरला, तर पत्र्यालगतच्या थराला १८० आणि आतल्याला १६५ सेंटिमीटर लागतं. तुकडा दोन-तीन सेंटिमीटर जास्त कापून दाबून बसवा. उरलेल्यात झाकण होतं. तळाला मात्र इन्सुलेशन विटाच, भांडी मांडायच्या शेल्फच्या वजनाने ब्लँकेट चेपतं.

ब्लँकेट धरायला बटणं स्वतःच्या स्टोनवेअर मातीची करून आधीच पक्की भाजून ठेवा. त्यांतून ओवायची तार कँथलची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूची. जस्ताचा मुलामा दिलेली तार अजिबात नको, तापल्यावर तिचा धूर विषारी. बर्नरची ज्योत थेट ब्लँकेटवर आदळू नये, म्हणून समोर एक वीट.

आणि हे सगळ्यांत आधी विकत घ्यायचं: पी १०० (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा मास्क, बंद चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे. कापडी मास्कने ब्लँकेटचे तंतू अडत नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या २बी गटात ठेवले आहेत. शरीरात लवकर विरघळणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम सिलिकेटचं ब्लँकेट मिळतं. राकूपुरती भट्टी असेल तर मी आधी तेच शोधेन. जुनं अस्तर उचकटताना तर जास्तच जपा, कारण बराच काळ तापलेल्या तंतूंत क्रिस्टोबलाइट, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, तयार होते.

कापायचं ते उघड्यावर, वारा नसताना, धारदार सुरीने. मुलं आणि कुत्री-मांजरं लांब. झाडू मारायचा नाही. ओल्या फडक्याने पुसा, तुकडे पिशवीत बांधा आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.