पुराच्या पाण्यात बुडालेली मस्टँग आणि परदेशी पार्ट: या चुका टाळा

भारतात २०१६ मध्ये अधिकृतपणे आलेली फोर्डची मस्टँग जीटी म्हणजे ४,९५१ सीसीचं व्ही८ इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि उजवीकडचं स्टीअरिंग. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या किंवा नवी मुंबईत खारघर-बेलापूरच्या एखाद्या बेसमेंटमध्ये ती पाण्यात गेली की पार्ट बहुतेक बाहेरूनच मागवावे लागतात. या कामात बहुतेक पैसा पाण्यामुळे वाया जात नाही. चुकीच्या क्रमाने काम केल्यामुळे आणि चुकीच्या देशातून सामान मागवल्यामुळे जातो.

"एकदा चालू करून बघू"

ही सगळ्यांत महागडी चूक. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर गेला की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय पाण्यातून काढलेली गाडी नंतर चालू करून झालेलं नुकसान विमा कंपनी सहसा परिणामी नुकसान मानते, म्हणजे पुराने थेट न झालेलं, आणि इंजिन प्रोटेक्टचं (इंजिनसाठीचं जादा विमा संरक्षण) कव्हर नसेल तर ते नाकारते. गाडीला बटन स्टार्ट आहे, तेव्हा चावी गाडीपासून लांब ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. विमा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काही उघडू नका. पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ दिसेल असे फोटो मात्र लगेच काढा.

नंतर एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर आठही प्लग काढून क्रँक पान्याने हाताने फिरवा. इंजिन एकदा चाललं असेल, तर प्लगच्या भोकातून सळी घालून प्रत्येक पिस्टन सगळ्यांत वर आला की उंची मोजा. एखादा इतरांपेक्षा खाली राहिला तर त्याचा रॉड वाकलाय. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजतात ती) सगळ्यांत कमी आकडा सगळ्यांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली गेला, तर इंजिन उघडावंच लागतं.

खारं की गोडं, हे न बघता वाळवणं

उधाणाच्या भरतीत पाऊस कोसळला की नवी मुंबईतल्या सखल भागात साचणाऱ्या पाण्यात खाडीचं पाणीही मिसळलेलं असू शकतं. घरच्या आरओसाठी वापरतात तो टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) गाडीतल्या पाण्यात बुडवा. आकडा हजारांत गेला तर पाणी खारं समजा. अशी गाडी थेट वाळवली तर मीठ कनेक्टरमध्येच बसतं आणि हवेतला दमटपणा ओढत राहतं. म्हणून बॅटरी काढलेली ठेवून आतलं सगळं आधी गोड्या पाण्याने धुवा, मगच वाळवा.

सीट आणि कार्पेट दोन्ही बाहेर काढा. कार्पेट वरून कोरडं लागलं तरी खालचा फोम पाणी धरून ठेवतो आणि वायरिंग त्याच्याच खालून जातं. जुलैच्या हवेत दारं उघडी ठेवून काही सुकत नाही. काचा बंद करून आत डीह्युमिडिफायर लावा. तांबं हिरवं पडलं असेल तर इन्सुलेशन आणखी मागे सोलून बघा, कारण पाणी तारेच्या आतून चढत जातं. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून जोडा) आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. नुसती पिळून टेप लावलेली जोडणी पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

फक्त इंजिन ऑइल बदलणं

इंजिनमध्ये साधारण ७.६ लिटर ऑइल बसतं. दुधाळ निघालं तर फिल्टरसकट निदान दोनदा बदला. पण तापलेला डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) गार पाण्यात गेला की ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, पाणी आत ओढतो, हे बरेचजण विसरतात. त्याचंही ऑइल बदला, आणि तो क्लचवाला लिमिटेड स्लिप (एकच चाक घसरून फिरू न देणारा) असेल तर ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर हे मिश्रणही घाला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पाणी गेलं असेल तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही, आतल्या क्लच प्लेटांवरचं अस्तर सुटतं. पेट्रोलची टाकीही रिकामी करा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पाणी शिरलं की इथेनॉल त्याच्याबरोबर तळाशी बसतं आणि पंप नेमकं तेच ओढतो.

फोटो आणि किंमत बघून अमेरिकेतून ऑर्डर देणं

अमेरिकेत मस्टँगचं सामान भरपूर आहे आणि स्वस्तही. रॉड, बेअरिंग, गॅस्केट, व्हील हब, सस्पेन्शनचे आर्म खुशाल तिथून मागवा. पण स्टीअरिंग रॅक, ब्रेक बूस्टरच्या भोवतीचे पाइप, वायपर लिंकेज, डॅशबोर्ड आणि त्याखालचं वायरिंग उजव्या स्टीअरिंगच्या देशातूनच आणा, म्हणजे ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलिया. तिथले एक्झॉस्टचे हेडरसुद्धा (इंजिनमधून धूर बाहेर नेणारे पाइप) स्टीअरिंगच्या दांड्याला अडतात. अमेरिकन हेडलाइटचा झोत उजवीकडे उचललेला असतो. आपल्याकडे तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. टायरचे प्रेशर सेन्सर तिथले ३१५ मेगाहर्ट्झचे, युरोपातले ४३३ चे. चुकीचे बसवले तर गाडीला ते दिसतच नाहीत.

वर्षाकडेही नीट बघा. २०१८ पासून बोअर (सिलिंडरचा व्यास) ९२.२ वरून ९३ मिमी झाला, इंजिन ५,०३८ सीसीचं झालं आणि ऑटोमॅटिक दहा गिअरचा. ते इंजिन आणलंत तर वायरिंग जुळत नाही, आणि आरसीवरच्या सीसीचा आकडाही चुकतो. इंजिन बदलायचंच असेल तर ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या आरटीओत आधी विचारा, कारण नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो. ब्रेकच्या रोटरचा (चाकामागच्या तबकडीचा) व्यास मोजूनच ऑर्डर द्या: साध्या जीटीला पुढे ३५२ मिमी असतो, परफॉर्मन्स पॅकेजला ३८० मिमी.

जुनं मॉड्यूल (गाडीतला छोटा कंट्रोल कॉम्प्युटर) फेकण्याआधी त्याचं कॉन्फिगरेशन फोरस्कॅन या फोर्ड गाड्यांच्या सॉफ्टवेअरने वाचून साठवा. नव्या मॉड्यूलमध्ये ते भरलं नाही तर गाडी स्वतःला दुसऱ्या देशातली समजते, आणि मग दिवे, चाव्या, स्पीडोमीटर सगळीकडे गोंधळ होतो.

कस्टम्सचा विचार नंतर करणं

जुने, वापरलेले पार्ट आयात करण्यावर निर्बंध आहेत. परवान्याशिवाय मागवलेली पेटी न्हावा शेवा बंदरात अडकू शकते, आणि गोदीचं भाडं दिवसागणिक वाढतं. एअरबॅग आणि सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (अपघातात पट्टा स्फोटाने आवळणारे) धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडतात, त्यामुळे साधं कुरिअर ते घेत नाही. एअरबॅगचं कंट्रोल मॉड्यूल बहुधा मधल्या कन्सोलखाली असतं, म्हणजे पाणी तिथवर चढलं तर ते बदलायचंच. भिजलेली एअरबॅग मल्टिमीटरने तपासू नका, ती फुटू शकते.

ऑर्डर देण्याआधी सगळ्या पार्टची यादी चेसिस नंबरवरून काढलेल्या पार्ट नंबरनी करा आणि त्यात वाहतूक व ड्युटी धरा. ड्युटी मालाची किंमत, भाडं आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागते. हिशोब आयडीव्हीच्या (पॉलिसीत लिहिलेली गाडीची विमा किंमत) ७५ टक्क्यांवर गेला तर विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. ते कळायची वेळ पहिली पेटी मागवण्याआधीची.

गाडी जोडून झाली की बॅटरीच्या तारेत अँमीटर लावा, दारं बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा. करंट ५० मिलिअँपिअरच्या वर राहिला तर कुठलं तरी मॉड्यूल झोपत नाहीये. एकेक फ्यूज काढत ते शोधा, आणि सापडेपर्यंत डॅशबोर्डचे स्क्रू आवळू नका.