हापूसमधली अळी: फळमाशीचं चक्र आणि ते तोडायची कामं

काढताना आंबा निर्मळ दिसतो, आठवडाभर अढीत (पेंढ्यात पिकायला) राहतो आणि गिऱ्हाइकाने कापला की आत अळ्या वळवळतात. दोष अढीचा नसतो. माशीने अंडी झाडावरच घातलेली असतात आणि हापूस पिकायला जेवढे दिवस लागतात, जवळपास तेवढ्यातच अळी पूर्ण वाढते. त्यामुळे बंदोबस्त काढणीच्या आधीच व्हायला हवा. पेटी भरताना फारसं काही हातात उरत नाही.

आंब्यावरची मुख्य माशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. आकाराने घरमाशीएवढी, पण दिसायला गांधीलमाशीची लहान बहीण वाटावी अशी: पाठीवर दोन पिवळे पट्टे, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण, पंख पारदर्शक. पिकलेल्या फळाभोवती घोंगावणारी चिलटं वेगळी, त्यांचा इथे संबंध नाही. साकाही वेगळा. साक्यात गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट होतो, पण अळी नसते.

मादी पक्व होत आलेल्या फळाच्या सालीत टोकदार अंडनलिका खुपसून आत अंडी घालते. वर टाचणीच्या टोकाएवढा डाग राहतो, कधी त्यातून चिकाचा थेंब येतो. एकदोन दिवसांत अंडी उबतात आणि अळ्या गर खात आठवडा ते दहा दिवस आतच राहतात. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडते, टुणकन उड्या मारत जमिनीवर येते आणि मातीत काही सेंटिमीटर खोल कोषात जाते. सुमारे दहा दिवसांत नवी माशी निघते आणि आणखी आठदहा दिवसांनी त्यातली मादी अंडी घालू लागते. मार्चमधल्या थोड्या माश्यांच्या मे महिन्यात झुंडी होतात त्या यामुळेच. हंगामाच्या शेवटचा माल, विशेषतः वळवाच्या सरीनंतरचा, सगळ्यात जास्त का किडतो तेही यातून कळतं.

हे चक्र तोडायची सर्वात स्वस्त जागा कलमाखाली आहे. गळलेली आणि पाडाची (झाडावरच पिकू लागलेली) फळं दर दोनतीन दिवसांनी वेचावीत, कारण फळ पडल्यावर अळीला मातीत शिरायला फार दिवस लागत नाहीत. वेचलेली फळं पातेऱ्यात ढकलून किंवा उकिरड्यावर टाकून उपयोग नाही. तिथे उलट माश्यांची पैदास होते. काळ्या प्लास्टिकच्या जाड पिशवीत भरून तोंड घट्ट बांधावं आणि आठवडाभर कडक उन्हात ठेवावं, नाहीतर दोन फूट खोल पुरून वर माती दाबून बसवावी. वरवर झाकलेल्या भुसभुशीत मातीतून माशी सहज वर येते. बागेच्या कडेचे पेरू, जाम, करमळ, देशी बदाम यांची गळही याच नियमाने उचलायची, कारण आंबा नसताना माशी तिथेच तग धरते.

आता सापळा. यातलं आमिष म्हणजे मिथाइल युजेनॉल. त्याकडे या माशीचे नर खेचले जातात हे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी पुसा, बिहार इथे १९१५ साली दाखवून दिलं. पण त्यावर फक्त नर येतात, मादी नाही. नर इतके कमी करायचे की माद्यांना जोडीदार मिळू नये, हा सापळ्याचा हिशेब. म्हणून चार कलमांच्या परसात एक सापळा टांगून आंबे वाचत नाहीत: शेजारच्या बागेतून आधीच मिलन झालेली मादी उडत येते. वाडीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात लावले तरच फरक दिसतो. सापळा माश्यांनी भरला याचा अर्थ माशी संपली असा नाही, माशी आहे एवढाच.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा कोकणात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. घरी करायचा असेल तर एक लिटरची बाटली घ्या, वरच्या तिसऱ्या भागात दीड ते दोन सेंटिमीटरची तीनचार भोकं पाडा, बुचातून तारेने आमिषाचा ठोकळा आत लोंबकळता ठेवा आणि तळाशी दोन बोटं साबणाचं पाणी ओता. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि माशी बुडते. फळं अंड्याएवढी झाली की सापळे टांगायचे, सावलीतल्या खालच्या फांदीवर, जमिनीपासून चारपाच फुटांवर. ठोकळा हातमोजे घालूनच हाताळा आणि बाटलीच्या बाहेर आमिषाचा थेंबही सांडू देऊ नका, नाहीतर नर आत न शिरता बाहेरच बसून राहतात. मुंग्या मेलेल्या माश्या पळवतात आणि मोजणी चुकते, म्हणून टांगायच्या तारेला ग्रीस लावा. ठोकळा महिना-दीड महिन्याने बदला, पाणी दर आठवड्याला.

(भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्हवर पडणारी माशी याच बॅक्ट्रोसेरा वंशातली, पण तिचे नर मिथाइल युजेनॉलकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पडवळ-कारल्यावरच्या माशीलाही क्यू-ल्यूर हे वेगळं आमिष लागतं. दुकानातून ठोकळा आणताना पीक सांगून आणा.)

मादीला अंडी पोसायला प्रथिनं लागतात आणि साखरही तिला ओढते. त्यावर विषारी आमिष चालतं: लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम गूळ किंवा प्रथिनयुक्त आमिष, त्यात आंब्यासाठी लेबल असलेलं कीटकनाशक लेबलवरच्याच मात्रेत. हे बुंध्यावर आणि खालच्या दाट पानांच्या मागे दोनतीन जागी शिंपडायचं, फळांवर नाही. पाऊस पडला की पुन्हा. जुन्या पत्रकांतल्या औषधांवर विसंबू नका. डायक्लोरव्हॉस २०२० अखेर देशात बंद झालं आणि मॅलेथिऑनवरही निर्बंध आले आहेत. काढणीच्या तोंडावर सगळ्या झाडावर फवारा मारणं तर निव्वळ पैसे घालवणं: अळी गरात सुरक्षित राहते आणि औषधाचा अंश फळावर उरतो.

पिशवी घालणं कष्टाचं, पण निर्यातीच्या मालाला सर्वात खात्रीचं. फळ अंड्याएवढं असताना सुमारे २५ बाय २० सेंटिमीटरची कागदी पिशवी देठाशी नीट बांधायची. फट राहिली तर माशी आत शिरतेच.

काढणी चौदा आण्यांवर, म्हणजे फळ जवळपास तयार पण अजून पिकू न लागलेलं असताना, करा, झाडावर पाड लागेपर्यंत थांबू नका. फळ जितकं तयार, तितकी साल माशीला सोपी. वरच्या शेंड्यावरची चारदोन फळं हंगाम संपला म्हणून सोडून दिली तर पुढची पिढी तिथेच वाढते.

युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये फळमाशीमुळेच भारतीय आंबा रोखला होता. बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. तिकडे जाणाऱ्या मालावर ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटांची प्रक्रिया होते, अमेरिकेच्या मालावर विकिरण. हे मान्यताप्राप्त केंद्रातच करायचं. घरच्या टपात तापमान दोन अंश घसरलं तर अळी जगते, वर गेलं तर साल भाजते आणि आंबा नीट पिकत नाही.