किनाऱ्याला तेल लागले तर काय करावे

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलीजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा सांडलेले सुमारे ८०० टन तेल भरतीच्या पाण्याबरोबर रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले आणि खाड्यांत शिरून तिवरांना चिकटले. भर समुद्रातील तेल बूम म्हणजे तरंगता अडसर टाकून कोंडणे आणि स्किमरने, म्हणजे पाण्यावरचे तेल काढणाऱ्या यंत्राने, ओढून घेणे हे तटरक्षक दलाचे काम आहे, आणि ऐन पावसाळ्याच्या लाटांत तेही अवघड जाते. पुळणीवर आलेल्या तेलाशी मात्र गाठ पडते ती गावकऱ्यांची.

तवंग दिसताच तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर कळवावे. तेल अजून पाण्यातच असेल, तर मिळालेला वेळ मोलाचा आहे. किनाऱ्यावरचा कचरा, ओंडके आणि जुनी जाळी भरतीरेषेच्या वर ओढून ठेवावीत, कारण तेलाने माखलेली प्रत्येक वस्तू पुढे घातक कचरा ठरते.

काम प्रशासनाच्या देखरेखीखालीच करावे. गमबूट, तेल न शोषणारे हातमोजे आणि मास्क घालावा, वाऱ्याकडे पाठ ठेवावी आणि डोके दुखू लागल्यास लगेच बाजूला व्हावे. ताज्या तेलाची वाफ अपायकारक असते. तेलकट वाळू फावड्याने वरवर खरवडून घ्यावी. जेसीबीच्या चाकांखाली तेल खोल दाबले जाते आणि त्याबरोबर चांगली वाळूही उचलली जाते, म्हणून हाताने होणारे काम यंत्रावर सोपवू नये. पिशव्या अर्ध्याच भराव्यात, म्हणजे त्या उचलताना फाटत नाहीत. अंगाला लागलेले तेल रॉकेलने पुसू नये. खोबरेल तेल चोळून साबणाने धुवावे.

खडकांवर गरम पाण्याचा जोरदार फवारा मारण्याचा मोह टाळावा. १९८९ साली अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’च्या तेलगळतीनंतर हा उपाय झाला, आणि तेलातून वाचलेले कितीतरी शिंपले व शेवाळ त्या पाण्याने मेले.

सर्वाधिक जपायचे ते कांदळवनाला. चिखलातून वर आलेली तिवरांची मुळे बारीक छिद्रांतून हवा घेतात आणि तेलाचा थर बसला की झाड गुदमरते. पण ते वाचवायला आत शिरलेली माणसे पायांनी तेच तेल चिखलात खोल रुतवतात, जिथे हवा पोहोचत नाही आणि तेल खाणारे जिवाणू जवळजवळ थबकतात. त्यामुळे ते वर्षानुवर्षे टिकते. म्हणून खाडीच्या तोंडाशी बूम लावून तेल आत येऊच न देणे हा खरा उपाय, आणि आलेच तर होडीतून, काठावरून, शोषक गाद्यांनी जेवढे निघेल तेवढेच काढावे. उरलेले भरती-ओहोटीवर सोडणे मनाला पटत नाही, तरी बहुतेक वेळा तेच बरे. तवंग फोडणारी रसायने उथळ खाडीत परस्पर मुळीच टाकू नयेत.

तेलाने माखलेला पक्षी पिसे चोचीने साफ करताना विष गिळतो. त्याला घरी धुऊ नये. हवेशीर खोक्यात, शांत जागी ठेवून वनविभागाला कळवावे.

गोळा केलेले तेल पुरू नये आणि जाळूही नये. भरतीरेषेच्या वर जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर पिशव्या ठेवाव्यात, पावसापासून झाकाव्यात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनेनुसारच हलवाव्यात.