सरकार पक्षाची कैफियत: नव्या सहायक सरकारी वकिलासाठी दिवाणी कामाची वाट

सरकारविरुद्धच्या दिवाणी दाव्याचा निकाल बऱ्याचदा तलाठी दप्तरात, आवक-जावक नोंदवहीत आणि उत्तराविना पडून राहिलेल्या पत्रात आधीच लागलेला असतो. न्यायालयात तो फक्त वाचून दाखवला जातो. खाजगी अशिलाला फोन केला की तो दुसऱ्या दिवशी कागदांची पिशवी घेऊन येतो. सरकार नावाच्या अशिलाकडे फोन उचलणारा माणूस दर दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि त्याच्या कपाटाची किल्ली बहुधा तिसऱ्याच कोणाकडे असते. म्हणून महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत हे काम करणाऱ्याने कायद्याइतकेच लक्ष कागद वेळेवर आणवण्याकडे द्यावे.

नोटीस आणि दाव्याची चौकट

समन्स हाती पडले की वादपत्राआधी (वादीचे दावा मांडणारे लेखी म्हणणे) नोटीस वाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे सरकारवर, किंवा पदाच्या नात्याने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यावर, दावा लावण्याआधी लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते. राज्य सरकारसाठीची नोटीस सचिवांच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोचली पाहिजे. एकट्या तहसीलदाराला दिलेली नोटीस त्याच्यापुरती. फाइलच्या पहिल्या पानावर तीन तारखा लिहून ठेवा: नोटीस पोचली कधी, दोन महिने संपले कधी, दावा दाखल कधी. मुदत संपण्याआधीच लावलेला दावा टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बिहारी चौधरी प्रकरणात १९८४ मध्ये सांगितले आहे. मात्र ही हरकत कैफियतीत (दाव्याला सरकारचे लेखी उत्तर) घेतलीच नाही तर सरकारने ती सोडून दिली असे धरले जाते, आणि पाच वर्षांनी युक्तिवादात ती काढून काही उपयोग होत नाही.

उलट बाजूने, नोटिशीतल्या शुद्धलेखनावर लढू नका. वादीचे नाव-पत्ता, कारण आणि मागणी समजण्याजोगी असेल तर तांत्रिक चुकीसाठी दावा फेटाळता येत नाही, असे कलम ८०(३) म्हणते. असली हरकत घेतली की न्यायाधीशांना वाटते, गुणवत्तेवर यांच्याकडे सांगण्यासारखे काही नसावे.

महापालिका आणि जिल्हा परिषद म्हणजे राज्य सरकार नव्हे. त्यांच्यासाठीच्या नोटिशीच्या तरतुदी त्यांच्या त्यांच्या कायद्यांत आहेत. याउलट ‘तहसीलदार, तालुका अमुक’ एवढाच प्रतिवादी असेल आणि तक्रार त्याच्या सरकारी कामाची असेल, तर संहितेच्या आदेश २७ नियम ५अ प्रमाणे राज्य सरकारला पक्षकार करणे भाग आहे. ही उणीव पहिल्याच म्हणण्यात नोंदवा.

खात्याकडे नोटीस आली तेव्हा तिला उत्तर गेले होते का, हेही लगेच विचारा. सालेम वकील संघाच्या प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने सरकारी खात्यांना याच कारणावरून फटकारले आहे: दोन महिने दिलेच आहेत ते विचार करून उत्तर देण्यासाठी, आणि उत्तर न देणाऱ्यावर किंवा गोलमाल उत्तर देणाऱ्यावर खर्च बसू शकतो.

मनाईचा अर्ज: पहिले आठ दिवस

निकडीच्या दाव्यात वादी कलम ८०(२) खाली परवानगी घेऊन नोटिशीशिवाय येतो, आणि सोबत तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे पुढच्या सुनावणीपर्यंत सरकारला रोखण्याचा, अर्ज असतो. याच कलमात सरकारचे संरक्षणही आहे: सरकारला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय अंतरिम किंवा अन्य कोणताही दिलासा देता येत नाही. हे तोंडाने सांगा आणि रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत) येऊ द्या. निकड नाही असे न्यायालयाला वाटले तर वादपत्र परत करून आधी नोटीस द्यायला सांगता येते, तीही विनंती करा. दावा येणार असा सुगावा खात्याला आधीच असेल, उदाहरणार्थ अतिक्रमण काढण्याची नोटीस बजावली आहे, तर कलम १४८अ खाली कॅव्हेट (आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश करू नये असा आगाऊ अर्ज) टाकून ठेवा. ते ९० दिवस चालते. संपायच्या आत नवे टाकायला विसरले जाते, म्हणून डायरीत ८० व्या दिवशी खूण करा.

या टप्प्यावर सगळे एका प्रश्नावर येऊन थांबते: आज जागेवर ताबा कोणाचा? खात्याकडून त्याचे उत्तर लेखी घ्या, आणि सोबत पंचनामा मागा. पंचनाम्यात गट क्रमांक, क्षेत्र, चतु:सीमा, वेळ आणि पंचांच्या सह्या पाहा. छापील नमुन्यातल्या रिकाम्या जागा नंतर भरलेल्या दिसल्या तर तो दाखल करण्याआधी अधिकाऱ्याला समोर बसवून विचारा, कारण हाच प्रश्न उलटतपासणीत येणार आहे.

रस्ता, वीज, पाणी अशा पायाभूत प्रकल्पाची जागा असेल तर विशिष्ट साहाय्य अधिनियमात २०१८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ४१ चे खंड (एचए) वाचून दाखवा. प्रकल्पाला खीळ बसेल किंवा उशीर होईल अशी मनाई त्यात नाकारली आहे. पण प्रकल्प अनुसूचीत बसतो हे दाखवणारा कागद सोबत हवा. ‘विकासकाम आहे’ एवढ्याने भागत नाही.

आणि एक पथ्य कधीही मोडू नये. न्यायाधीश विचारतात, ‘पुढच्या तारखेपर्यंत पाडत नाही असे सांगता का?’ लेखी सूचना हाती नसतील तर असे निवेदन करू नका. दुसऱ्या सत्रापर्यंत वेळ मागा. तुम्ही शब्द दिला आणि दुपारी जेसीबी जागेवर पोचला, तर अवमानाची नोटीस अधिकाऱ्याला येईल, पण त्या न्यायालयात तुमच्या शब्दाला यापुढे किंमत राहणार नाही.

परिच्छेदनिहाय अभिप्राय

सरकारी कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक कागद हाच. खात्याला वादपत्राची प्रत पाठवून ‘अभिप्राय पाठवावेत’ असे एका ओळीचे पत्र गेले, की तितकेच मोघम उत्तर येते: ‘परिच्छेद १ ते १४ मान्य नाहीत.’ याचा धोका असा की आदेश ८ च्या नियम ३ ते ५ प्रमाणे प्रत्येक विधान नेमकेपणाने नाकारावे लागते. टाळाटाळीचा नकार म्हणजे कबुली ठरू शकते. वादी म्हणतो, ‘१९८२ च्या फेरफाराने माझ्या वडिलांचे नाव लागले.’ तो फेरफार दप्तरात खरोखर आहे, आणि आपण सरसकट नाकारला, तर पुढचे आपले खरे म्हणणेही संशयात जाते. जे खरे आहे ते मान्य करून त्याचा परिणाम नाकारणे शहाणपणाचे: फेरफार झाला हे खरे, पण तो पीकपाहणीपुरता होता, जमिनीच्या मालकीशी त्याचा संबंध नाही.

म्हणून पत्रात प्रश्न स्वतः लिहा. वादपत्र वाचून आठ-दहा नेमके प्रश्न काढायला तासभर लागतो आणि त्याने तीन तारखा वाचतात. जमिनीच्या दाव्यासाठी साधारण हे विचारावे:

– गट किंवा सर्व्हे क्रमांक, जुना व नवा, आणि क्षेत्रातला फरक असल्यास त्याचे कारण;
– सातबाऱ्यावर सरकारचे नाव कोणत्या फेरफाराने आले, त्या फेरफाराची आणि त्यामागच्या आदेशाची प्रत;
– मोजणी नकाशा, मोजणीची तारीख, वादीला मोजणीची नोटीस दिल्याची पोच;
– जमीन महसूल संहितेच्या कलम २० किंवा ५० खाली काही आदेश झाला आहे का, आणि तो वादीला केव्हा बजावला;
– मूळ संचिका सध्या कोणत्या कार्यालयात आहे आणि ती कोण घेऊन येईल.

चौथ्या प्रश्नावर पुष्कळ काही अवलंबून असते. कलम २० खाली जिल्हाधिकाऱ्यांनी सरकारच्या मालकीबाबत आदेश केला असेल, तर त्याविरुद्धचा दावा आदेशापासून, अपील झाले असल्यास अपिलातल्या आदेशापासून, एका वर्षात यावा लागतो. पण वादीला त्या आदेशाची रीतसर नोटीस मिळालेली असली पाहिजे. बजावणीची पोच सापडली नाही तर हा हुकमी मुद्दा हातचा जातो. असाच विसरला जाणारा मुद्दा १८७६ च्या महसूल अधिकारिता कायद्याचा: महसुली अपिले पुरी न करता सरळ दिवाणी न्यायालयात आलेल्या वादीला त्याचे कलम ११ आडवे येते.

अभिप्राय आले की अधिकाऱ्याला बोलावून मूळ संचिकेशी ताडून पाहा. झेरॉक्सवर कैफियत लिहू नका; पाठपोट कागदाची मागची बाजू झेरॉक्समध्ये सुटते आणि वादीला अनुकूल शेरा नेमका तिथेच सापडतो. तो आधी आपल्याला सापडलेला बरा.

कैफियत

समन्स बजावल्यापासून ३० दिवस, कारण नोंदवून ९० पर्यंत. साध्या दाव्यात ही मुदत लवचीक आहे, वाणिज्यिक दाव्यात १२० दिवसांनंतर दार बंदच होते. सरकारला खात्याशी पत्रव्यवहारासाठी वेळ मिळावा म्हणून आदेश २७ नियम ५ आहे, पण त्यातली वाढही एकूण दोन महिन्यांपुढे जात नाही. ‘नो डब्ल्यूएस’ हुकूम (कैफियतीविनाच दावा पुढे चालवण्याचा) झालाच तर दुसऱ्याच दिवशी कैफियतीसह तो रद्द करण्याचा अर्ज द्या. कैफियतीशिवायच्या अर्जाला फारसे कोणी ऐकत नाही.

कैफियतीवर सही आणि सत्यापन सरकारने अधिकार दिलेल्या व्यक्तीचे हवे, आणि सत्यापन करणाऱ्याला वस्तुस्थिती ठाऊक हवी. बदली होऊन कालच आलेल्या अधिकाऱ्याने ‘स्वतःच्या माहितीप्रमाणे’ असे सत्यापन केले तर उलटतपासणीत फजिती होते. त्याने ‘कार्यालयीन अभिलेखावरून’ असेच लिहावे.

वादी ताब्यावरून मालकी मागत असेल तर लक्षात ठेवा, सरकारविरुद्ध १२ नाही, ३० वर्षांचा प्रतिकूल ताबा दाखवावा लागतो. आणि जुनी पुस्तके पाहून संहितेच्या कलम ९अ खाली न्यायालयाच्या अधिकाराचा प्राथमिक मुद्दा काढा असा अर्ज देऊ नका. ती महाराष्ट्राची दुरुस्ती २०१८ मध्ये रद्द झाली. आता आदेश ७ नियम ११ (वादपत्र नाकारणे) किंवा आदेश १४ नियम २ (कायद्याचा मुद्दा आधी ठरवणे) याच वाटा.

पुरावा

साक्षीदार कोण, हे न्यायालयाने वादाचे मुद्दे काढले की ठरवा. घटनेच्या वेळचा अधिकारी निवृत्त असेल तर त्याचा पत्ता पेन्शनच्या कागदांवरून मिळतो. तो नसेल तर सध्याचा अधिकारी अभिलेख सिद्ध करू शकतो, पण जागेवर काय घडले ते सांगू शकत नाही. त्यामुळे शपथपत्रात त्याच्या तोंडी प्रत्यक्षदर्शीची वाक्ये घालू नका. निशाणी पडण्यासाठी (कागद पुराव्यात क्रमांकासह नोंदला जाण्यासाठी) प्रमाणित प्रत किंवा मूळ कागद आणा. ड्रोन नकाशा, सीसीटीव्ही, ई-मेल यांना प्रमाणपत्र लागते. १ जुलै २०२४ नंतरच्या कामात ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे, दोन भागांचे, हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा). त्याआधी प्रलंबित असलेल्या कामात जुन्या कायद्याच्या ६५ब चे.

निकाल लागला तेव्हा

निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज करा. नक्कल मिळायला लागणारा वेळ मुदतीतून वजा होतो, अर्ज करायला आपण लावलेला वेळ होत नाही. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. सरकारला दाव्यासाठी ३० वर्षांची मुदत आहे, अपिलासाठी मात्र सामान्य माणसाइतकीच. आपले मत आठवडाभरात लेखी पाठवा, आणि अपील करण्याजोगे नसेल तर तसे स्पष्ट लिहा. ‘योग्य तो निर्णय घ्यावा’ असे लिहिलेली फाइल टेबलाटेबलांवर फिरत राहते.

विलंब झालाच तर माफीच्या अर्जात प्रत्येक टप्प्याची तारीख द्या: प्रस्ताव कधी गेला, कोणत्या त्रुटीसाठी परत आला, मंजुरी कधी मिळाली. ‘प्रशासकीय कारण’ आता चालत नाही. २०१२ च्या लिव्हिंग मीडिया निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी खात्यांना वेगळी सवलत नाकारली, आणि २०२० मध्ये भेरूलाल प्रकरणात ६६३ दिवस उशिरा आलेल्या मध्य प्रदेश सरकारला २५ हजारांचा खर्च लावून तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले. अपील प्रलंबित असताना प्रतिवादी वारला तर वारस ९० दिवसांत आणा. भूसंपादनाच्या जुन्या अपिलांत दर सहा महिन्यांनी तलाठ्याकडून पक्षकार हयात असल्याची खात्री करून घेणे सोपे आहे, बाद झालेले अपील उठवणे कठीण.

दरखास्त

दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याच्या (दाव्यातल्या अंतिम आदेशाच्या) अंमलबजावणीचा अर्ज. हुकूमनामा झाल्यापासून तीन महिने त्याची पूर्तता न होता गेल्याशिवाय सरकारविरुद्ध अंमलबजावणी होत नाही, असे कलम ८२ सांगते. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांची खुर्ची आणि जीप जप्तीला येते, ज्याचे फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात असतात. फक्त अपील दाखल केल्याने स्थगिती मिळत नाही. आदेश ४१ नियम ५ चा अर्ज वेगळा लागतो.

दरम्यान पैसे वाढत असतात. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालील वाढीव मोबदल्यावर ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज आहे, आणि दिलासा रकमेवरही (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलच्या जादा रकमेवर) ते लागते, हे सुंदर प्रकरणात २००१ मध्ये ठरले. व्याजपात्र रक्कम १० लाख असेल तर पहिल्या वर्षानंतर दर महिन्याला १२,५०० रुपये. प्रस्तावात हा आकडा ठळक लिहा. कायदेशीर युक्तिवादापेक्षा तो वित्त शाखेला लवकर हलवतो.

रक्कम न्यायालयात भरली की आदेश २१ नियम १ प्रमाणे हुकूमनामाधारकाला नोटीस देऊन, मुद्दल किती, व्याज किती, खर्च किती, असा तक्ता जोडा. व्याज थांबते ते ही नोटीस पोचल्यापासून. तक्त्याविना भरलेली रक्कम वादीचा वकील आधी व्याजाकडे वळवतो, आणि मुद्दल तसेच व्याज खात राहते. भरणा केल्याचे चलन आणि नोटिशीची पोच दोन्ही दरखास्तीत पुरसिशीसह (न्यायालयाला माहिती देणाऱ्या लेखी निवेदनासह) दाखल करा.