शुगरसाठी शेंगदाणे-बदाम खाताय? या चुका टाळा

शुगर वाढल्याचा रिपोर्ट हातात पडला की लोक आधी बदामाचं पाकीट आणतात. त्यात वाईट काही नाही. बदाम-शेंगदाण्यांत पिष्ट कमी. प्रथिनं, तंतू आणि चांगली चरबी जास्त, त्यामुळे भाकरी-पोळीसोबत खाल्ले तर साखर सावकाश चढते. पण आहारसल्ल्याला येणारे त्याच त्या चुका करतात, म्हणून लिहायला बसले.

नेहमीच्या खाण्यावर वरून बदाम खाणं

ओळखीचे एक निवृत्त मास्तर सकाळी प्लेटभर पोहे, गोड चहा आणि त्यावर 'शुगरसाठी' म्हणून मूठभर सुकामेवा खायचे. तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, वाढलेली आली, वजनही वाढलं. मास्तर बदामांवरच चिडले. मी म्हटलं, डबा घेऊन या. ताटात ओतून निवडलं, तर बदाम थोडेच, मनुका आणि खजुराचाच ढीग! खजूर-मनुकांच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. सुकामेवा म्हणून सगळं एकाच डब्यात भरायची आपली सवयच घात करते. बरं, नुसते बदाम घेतले तरी ३० ग्रॅमला, म्हणजे वीस-बावीस बदामांना, १७० च्या आसपास कॅलरी. एवढ्या आत घ्यायच्या तर दुसरं काहीतरी ताटातून काढायलाच हवं. मास्तरांचे पोहे निम्मे केले, त्यात भाजलेले शेंगदाणे वाढवले, चहातली साखर बंद केली. मग आकडा उतरला.

घरच्या शेंगा सोडून महागड्या पाकिटांमागे लागणं

सोलापुरात राहून हे करू नका! शेंगदाण्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर साखर किती झपाट्यानं चढते त्याचा आकडा, १५ च्या आत, आणि १०० ग्रॅमला प्रथिनं साधारण २५ ग्रॅम, बदामापेक्षा जास्तच. ज्वारीच्या भाकरीवर चमचा-दोन चमचे शेंगाचटणी घ्या की. फक्त त्यावर तेलाची धार सोडू नका. शेंगापोळीचं मात्र वेगळं. गड्ड्याच्या म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, संक्रांतीला घरोघरी होते आणि 'शेंगाच आहेत ना' म्हणत लोक तीन-तीन खातात. आतला गूळ कुठे जातो? शुगरच्या दृष्टीनं गूळ ही साखरच. चिक्कीलाही हेच लागू.

शुगर उतरल्यावर बदाम चघळत बसणं

ही चूक जिवावर बेतू शकते. इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळे शुगर ७० च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर बदाम कामाचे नाहीत. त्यांनी साखर झटकन चढत नाही. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना.

बाकीच्या चुका थोडक्यात. खारे काजू नकोत, रक्तदाब वाढतो. कडवट, बुरशी धरलेले शेंगदाणे फेकून द्या. त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, भाजून पूर्ण जात नाही. टीव्हीसमोर अख्खं पाकीट घेऊन बसू नका. मी सकाळीच छोट्या वाटीत दिवसाचे दाणे काढते आणि डबा वरच्या फळीवर ठेवते.

आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून फोन करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, एचबीए१सी दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं. आणि भिजवलेल्या बदामांच्या भरवशावर गोळी बंद करणं मला अजिबात मान्य नाही. गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. किडनीचा त्रास असेल तर दाणे-बदाम सुरू करण्याआधीच त्यांना विचारा, कारण यात पोटॅशियम आणि फॉस्फरस बरंच असतं.